व्हेनेतोतील पीएफएएस जलप्रदूषण

इटलीच्या ईशान्येकडील व्हेनेतो प्रदेशात विचेंत्सा, पादुआ आणि व्हेरोना या तीन प्रांतांतील भूजल, नद्या व नळाचे पाणी पीएफएएस गटातील रसायनांनी दूषित झाल्याचे २०१३ मध्ये उघडकीस आले. बाधित लोकसंख्या सुमारे साडेतीन लाख मानली जाते. हे प्रदूषण अपघातातून किंवा आजाराच्या साथीतून लक्षात आले नाही. एका सरकारी नदी-सर्वेक्षणाने ते हुडकून काढले, आणि म्हणूनच जलसंशोधनाच्या इतिहासात या प्रकरणाला वेगळे स्थान आहे.

पीएफएएस ही हजारो कृत्रिम संयुगांची जात आहे. त्यांतील कार्बनच्या साखळीला फ्लुओरिनचे अणू जोडलेले असतात आणि हा बंध इतका बळकट असतो, की ऊन, जीवाणू किंवा जलशुद्धीकरणाची नेहमीची प्रक्रिया यांचे त्यापुढे काही चालत नाही. पाणी आणि तेल दोन्ही दूर ठेवण्याच्या गुणामुळे ही रसायने कापड, चामडे, न चिकटणारी भांडी आणि आग विझवण्याचा फेस यांत वापरली गेली. पाण्यात ती मिसळली तरी रंग, वास वा चव बदलत नाही, आणि पाणी उकळल्याने ती जात नाहीत. नेमके तेच रसायन शोधायचे असे ठरवून नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय त्याचा पत्ताच लागत नाही.

असे ठरवण्यामागे उत्तर इटलीतील पो नदी कारणीभूत ठरली. युरोपातील नद्या किती पीएफओए (या गटातील एक प्रमुख संयुग) समुद्रात नेतात, याचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असे सांगत होता, की तपासलेल्या सर्व नद्यांच्या एकूण भारापैकी सुमारे दोन-तृतीयांश भार एकट्या पो नदीतून जातो. पुढे इटलीच्या पर्यावरण मंत्रालयाने राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या जलसंशोधन संस्थेकडे पो आणि देशातील इतर प्रमुख नदीखोऱ्यांच्या तपासणीचे काम सोपवले. संशोधकांनी नद्यांबरोबर नळाच्या पाण्याचेही नमुने घेतले, हा या कामातील सर्वांत मोलाचा निर्णय म्हटला पाहिजे. विचेंत्सा प्रांतातील काही नमुन्यांत पीएफओएचे प्रमाण लिटरमागे एक हजार नॅनोग्रॅमच्या वर निघाले. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, त्यामुळे हा आकडा क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण प्रादेशिक शासनाने २०१७ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस (याच गटातील दुसरे संयुग) या दोहोंसाठी मिळून घातलेली मर्यादा अवघी ९० नॅनोग्रॅम होती.

प्रादेशिक पर्यावरण यंत्रणेने माग काढला, तो त्रिस्सिनो गावातील मितेनी या रासायनिक कारखान्यापर्यंत पोहोचला. १९६० च्या दशकात मार्त्सोत्तो या वस्त्रोद्योग समूहाने संशोधन केंद्र म्हणून सुरू केलेला हा कारखाना आल्प्सच्या पायथ्याशी, गोट्या-वाळूच्या सच्छिद्र थरावर उभा होता. पावसाचे आणि ओढ्याचे पाणी जिथे जमिनीत मुरून खालच्या सपाट प्रदेशातील विहिरींना पुरते, नेमकी तीच ही जागा. कारखान्याखालून निघालेले दूषित भूजल दक्षिणेकडे सरकत अल्मिसानो येथील विहिरींपर्यंत गेले होते, आणि त्याच विहिरींतून अनेक गावांच्या पाणीयोजना चालत होत्या.

पाणीपुरवठा केंद्रांवर २०१३ मध्येच सक्रिय कोळशाच्या गाळण्या बसवण्यात आल्या. लांब साखळीची संयुगे कोळशाला चांगली चिकटतात. आखूड साखळीची मात्र लवकर निसटून पुढे जातात, त्यामुळे कोळसा वारंवार बदलावा लागतो आणि खर्च कायमचा मागे लागतो. सर्वाधिक बाधित ३० नगरपालिकांचा ‘लाल विभाग’ ठरवण्यात आला व तेथील जलाशयांतील मासे खाण्यास मनाई झाली.

पाण्याइतकेच महत्त्वाचे संशोधन माणसांच्या रक्ताचे झाले. राष्ट्रीय आरोग्य संस्था व प्रादेशिक शासन यांनी केलेल्या पहिल्या तपासणीत बाधित भागातील रहिवाशांच्या रक्तद्रवात पीएफओएचे मध्यक प्रमाण ग्रॅममागे १३.८ नॅनोग्रॅम आढळले, तर बाहेरच्या रहिवाशांत ते १.६४ होते. २०१७ पासून लाल विभागात व्यापक आरोग्य-तपासणी सुरू झाली. शाळकरी मुलामुलींच्या रक्ताचे अहवाल घरी आले, तेव्हा आया एकत्र आल्या आणि ‘मामे नो पीफास’ (पीएफएएसला विरोध करणाऱ्या आया) ही चळवळ उभी राहिली. आपण पाजलेले पाणीच लेकरांच्या अंगात साठले, हे त्या कागदावर वाचावे लागलेल्या आईची अवस्था कोणत्याही मध्यकात मावत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने १९८५ ते २०१८ या काळात बाधित क्षेत्रात अपेक्षेपेक्षा ३,८९० मृत्यू अधिक झाल्याचा हिशेब मांडला. त्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ठळक होते.

मितेनी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. २६ जून २०२५ रोजी विचेंत्सा येथील न्यायालयाने पंधरा आरोपी अधिकाऱ्यांपैकी अकरा जणांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. खटल्यात सर्वेक्षणाचे आकडे पुराव्यादाखल आले, यावरून सरकारी नोंदी किती काटेकोरपणे ठेवाव्या लागतात याची कल्पना येते.

या प्रकरणाचा एक धागा थेट कोकणापर्यंत येतो. मितेनीची यंत्रसामग्री लिलावात लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय उद्योगाच्या उपकंपनीने विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणण्यात आली. ही वसाहत वाशिष्ठी नदी आणि दाभोळ खाडीच्या परिसरात वसलेली आहे. युरोपीय संघाने पेयजलातील वीस पीएफएएस संयुगांच्या बेरजेवर लिटरमागे १०० नॅनोग्रॅमची मर्यादा घातली असून ती जानेवारी २०२६ पासून बंधनकारक आहे. भारताच्या आयएस १०५०० : २०१२ या पेयजल मानकात मात्र या गटातील एकाही संयुगाचा समावेश नाही.