डागावर तेल लावताय? मग ते नक्की कुठपर्यंत जातं ते आधी बघा

हे वाचता वाचता करता येईल असा एक छोटा प्रयोग सांगते. हाताच्या मागच्या बाजूला कुठल्याही बियांच्या तेलाचा एक थेंब टाका, बोटाने गोल गोल चोळा आणि दहा मिनिटं थांबा. तेल गायब झाल्यासारखं वाटेल, कातडी मऊ लागेल, आपण "छान मुरलं" म्हणतो ना, अगदी तसं. आता त्यावर कोरा टिश्यू पेपर दाबून धरा आणि उजेडासमोर धरून बघा. कागदावर पारदर्शक ठिपका उमटलेला असेल, म्हणजे मुरलंय असं वाटणारं बरंचसं तेल अजून वरच आहे, फक्त पातळ पसरलंय.

हे आधीच सांगितलं कारण मुरूम, काळे डाग, व्रण यांच्यावर "कुठलं तेल लावू" असं कुणी विचारलं की मी उलट दोनच गोष्टी विचारते, डाग किती खोल आहे आणि तेल किती खोल जातं. या दोन उत्तरांचा मेळ बसला तर फायदा, नाहीतर महिनोन् महिने चोळत बसायचं.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. त्याची जाडी चेहऱ्यावर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी, आणि तरी आख्ख्या शरीराला बाहेरच्या जगापासून तोच वाचवतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड यांचा स्निग्ध लेप म्हणजे सिमेंट, असं त्वचेचा अभ्यास करणारे लोक समजावून सांगतात आणि ते डोळ्यासमोर लगेच येतं. या भिंतीतून काय आत जाऊ शकतं याचा एक ढोबळ नियम २००० साली दोन त्वचाशास्त्रज्ञांनी मांडला, त्याला ५०० डाल्टनचा नियम म्हणतात (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक), यापेक्षा जड रेणू धडधाकट त्वचेतून फारसे आत जात नाहीत. आता सूर्यफूल, बदाम, ऑलिव्ह असल्या बहुतेक बियांच्या किंवा फळांच्या तेलातला मुख्य रेणू म्हणजे ट्रायग्लिसराइड, आणि त्याचं वजन असतं साधारण ८८० डाल्टन. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत त्वचेवर जोजोबा, बदाम, अ‍ॅव्होकॅडो, सोयाबीन अशी तेलं लावून पाहिलंय, सगळी मेलेल्या थराच्या अगदी वरच्या पदरांतच थांबली.

आणि मुरूम गेल्यावर मागे राहणारा तपकिरी डाग कुठे असतो? तो रंग म्हणजे मेलॅनिन. ते बनवणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी बसलेल्या असतात, आणि सूज जास्त झाली असेल तर रंगाचे कण त्याच्याही खाली झिरपतात. म्हणजे डाग तळमजल्यावर आणि तेल गच्चीवर.

मग तेलाचा उपयोगच नाही का? आहे, पण तो गच्चीवरचा आहे, आणि तोही कमी महत्त्वाचा नाही. वरची भिंत शाबूत असली की पाणी टिकतं, पाणी टिकलं की कातडी तडकत नाही, खाज येत नाही, आपण खाजवत नाही, आणि खाजवलं नाही म्हणजे सूज नाही आणि नवा डागही नाही. कोरड्या, खरखरीत जागेवर पडलेला फिकट चट्टा नुसत्या तेलाने आठवड्याभरात चांगला दिसायला लागतो तो याच कारणाने, रंग बदललेला नसतो, कोंड्यासारखे सुटलेले पापुद्रे बसलेले असतात आणि प्रकाश त्यावरून नीट परावर्तित होतो.

पण सगळी तेलं भिंतीला सारखी वागवत नाहीत, आणि मला या विषयातलं सगळ्यात भारी वाटतं ते हेच. २०१३ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, फक्त १९ लोकांचा, छोटाच, पण फार सुबक. एका गटाने एका हाताला ऑलिव्ह तेल आणि दुसऱ्या हाताला सूर्यफुलाचं तेल, प्रत्येकी सहा थेंब, दिवसातून दोनदा, चार आठवडे लावलं. सूर्यफुलाच्या हाताची भिंत जशीच्या तशी राहिली आणि ओलावाही सुधारला. ऑलिव्हच्या हाताची भिंत कमकुवत झाली, वर थोडी लालीही आली, आणि हे एक्झिमा कधीच न झालेल्यांमध्येसुद्धा. कारण काय तर ऑलिव्हमध्ये बहुतांश ओलेइक अ‍ॅसिड असतं आणि साध्या सूर्यफुलात लिनोलेइक. ट्रायग्लिसराइडचा मोठा रेणू आत जात नाही हे खरं, पण त्वचेवर राहणारे जंतू त्यांच्या लायपेज नावाच्या एन्झाइमने त्याचे तुकडे करतात आणि सुटं झालेलं ओलेइक अ‍ॅसिड फक्त २८२ डाल्टनचं असतं, ते सिमेंटमध्ये घुसतं आणि त्याची घडी विस्कटून टाकतं. औषधं त्वचेतून आत ढकलायची असली की औषधनिर्मितीत ओलेइक अ‍ॅसिड मुद्दाम वापरतात, यावरून समजा. लिनोलेइक अ‍ॅसिड मात्र त्वचेला स्वतःचं सिमेंट बनवायलाच लागतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, बाजारात "हाय ओलेइक" सूर्यफूल तेलही मिळतं, नाव तेच पण वागणूक ऑलिव्हच्या जवळची, त्यामुळे बाटलीवरचं बारीक अक्षर वाचाच.

मुरमांशीही याचा संबंध आहे. मुरूम येणाऱ्या लोकांच्या त्वचेतल्या तेलात लिनोलेइक अ‍ॅसिडचं प्रमाण कमी असतं हे १९८० च्या दशकातच दिसलं होतं, आणि १९९८ मध्ये महिनाभर लिनोलेइक अ‍ॅसिड लावून पाहिलं तर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक बंद रंध्रांचा आकार जवळजवळ २५ टक्क्यांनी लहान झाला. म्हणून कुणी तेलकट चेहऱ्यासाठी तेल विचारलंच तर मी साधं सूर्यफूल, करडई किंवा द्राक्षाच्या बियांचं सांगते. मात्र मोठे, लाल, दुखरे मुरूम यानं जातील असं मी कुणाला सांगणार नाही.

"हे तेल रंध्रं बंद करतं, ते करत नाही" असे ० ते ५ आकडे लिहिलेले तक्ते सगळीकडे फिरतात, त्यांचा उगम बघितला की मग त्यांच्यावर किती विसंबायचं ते कळतं. १९७० च्या दशकात सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला पदार्थ लावून रंध्रं तुंबतात का ते बघायची पद्धत होती, सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी लवकर तुंबतो, आणि पुढचे बरेचसे आकडे त्यावरूनच आले. पूर्ण टाकाऊ नाहीत, पण त्या आकड्यावरून एखादं तेल तुम्हाला चालेल की नाही ते ठरत नाही.

आता एक प्रकार असा आहे जिथे तेल लावणं सरळ उलटं पडतं. कपाळावर, पाठीवर, छातीवर एकसारखे बारीक, खाजणारे पुरळ येतात आणि नेहमीच्या मुरमाच्या औषधाला दाद देत नाहीत, किंवा फिकट, किंचित कोंडा सुटणारे शिबं उठतात. यामागे बऱ्याचदा मॅलासेझिया नावाचं यीस्ट असतं, ते प्रत्येकाच्या त्वचेवर राहतंच पण त्याला स्वतःला फॅटी अ‍ॅसिड बनवता येत नाहीत, बाहेरूनच लागतात. प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवायचं असेल तर काय करतात माहितीये? बशीतल्या माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर ओततात. त्यामुळे असलं पुरळ असेल तर तेल बंद, आणि बुरशीचं औषध डॉक्टरांना विचारून.

इथपर्यंत जड रेणूंचं झालं. टी ट्री, लॅव्हेंडर, लिंबू ही इसेन्शियल ऑइल्स नावाने तेल असली तरी जातीने वेगळी, त्यात ट्रायग्लिसराइड नसतंच, ऊर्ध्वपातनाने किंवा साल पिळून काढलेले उडून जाणारे छोटे रेणू असतात. टी ट्रीमधला मुख्य रेणू टर्पिनेन-४-ऑल फक्त १५४ डाल्टनचा. हे आत जातात. म्हणूनच यांचा काहीतरी परिणाम होतो आणि म्हणूनच त्रासही होतो.

टी ट्रीच्या बाजूने चांगला पुरावा आहे. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात (हे झाडही तिथलंच) सौम्य ते मध्यम मुरूम असलेल्या १२४ लोकांवर ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड (मुरमांवरचं नेहमीचं औषध) यांची तुलना केली. दोन्हींनी मुरूम कमी झाले, टी ट्रीने हळू झाले पण आग आणि कोरडेपणा कमी झाला. मी मात्र हे वाचलं ते नंतर. त्याआधी एका रात्री जबड्यावर आलेल्या मुरमावर मी टी ट्रीचा थेंब तसाच, काही न मिसळता लावला, आणि बाटली दोनेक वर्षांपूर्वी उघडलेली होती. पहाटे चुरचुरून जाग आली. मुरमाभोवती नाण्याएवढी लाल, सालपटं निघणारी कडी. मुरूम तीन दिवसांत बसला, कडी मात्र तपकिरी होऊन राहिली, म्हणजे जो डाग टाळायला हे केलं तो मुरमाने पडलाच नाही, उपचाराने पडला.

यात दोन चुका होत्या. पहिली प्रमाणाची. त्या अभ्यासातलं ५ टक्के म्हणजे १० मिलिलिटर जेलमध्ये अर्धा मिलिलिटर, ढोबळमानाने १० थेंब (थेंबाचा आकार ड्रॉपरवर अवलंबून), मी लावलं ते १०० टक्के. दुसरी चूक जुन्या बाटलीची, आणि ही जास्त लोक करतात. हवा आणि उजेड लागला की टी ट्रीमधले रेणू ऑक्सिडाइज होतात आणि त्यातून बनणारे पदार्थ ताज्या तेलापेक्षा कितीतरी जास्त अ‍ॅलर्जी करतात, लॅव्हेंडरमधल्या लिनालूलचंही तेच. आणि ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. बियांच्या तेलांना निदान खवट वास येतो त्यामुळे कळतं, इसेन्शियल ऑइलचा वास इतका उग्र असतो की बिघाड लक्षातच येत नाही, म्हणून बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवायची.

लिंबू आणि बर्गमोट (लिंबाच्याच जातीचं एक फळ) यांच्या सालीच्या तेलाबद्दल तर मला कळकळीने सांगायचंय, चेहऱ्यावर लावूच नका. सालीत बर्गाप्टेनसारखी फ्युरोकुमरिन्स असतात, ती त्वचेत असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं आणि मागे गडद डाग राहतात. बर्गमोट असलेलं अत्तर मानेवर लावून उन्हात गेलेल्यांच्या मानेवर थेंब ओघळत गेला त्याच आकाराचे तपकिरी ओघळ उमटलेले डॉक्टरांनी पूर्वीच नोंदवून ठेवलेत. बावचीची गोष्टही अशीच दुधारी. बावचीच्या बियांतून बाकुचिऑल नावाचा रेणू वेगळा काढतात, २५६ डाल्टनचा, आणि ४४ लोकांवर १२ आठवडे केलेल्या अभ्यासात ०.५ टक्के बाकुचिऑलने सुरकुत्या आणि काळे डाग रेटिनॉलइतकेच (सुरकुत्यांवर लावतात तो व्हिटॅमिन ए चा प्रकार) कमी झाले, तेही कमी चुरचुरीत. हे वाचून लोक बावचीचं कच्चं तेल आणून लावतात, पण त्यात सोरालेनही असतं, जे कोडावर अतिनील किरणांच्या जोडीने औषध म्हणून वापरतात कारण ते त्वचेला उन्हाबाबत भयंकर संवेदनशील करतं. शुद्ध बाकुचिऑल वेगळं आणि बावचीचं तेल वेगळं.

आणखी दोन गैरसमज. रोझहिप तेलात व्हिटॅमिन सी असतं म्हणतात, ते फळात असतं, पण ते पाण्यात विरघळणारं आहे, बियांच्या तेलात उतरतच नाही. आणि व्रणावर व्हिटॅमिन ई चोळायचं, हे १९९९ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या १५ लोकांच्या व्रणाचे दोन भाग करून तपासलं होतं, ९० टक्के लोकांत काही फरक नाही किंवा व्रण उलट वाईट दिसला, आणि तिघांत एकाला पुरळ आलं. माझा असा अंदाज आहे की व्रणाला फायदा होतो तो रोजच्या हलक्या मसाजचा आणि ओलाव्याचा, कॅप्सूलचा नाही.

खड्ड्यांवर, उंच व्रणांवर, गालावर पसरलेल्या वांगावर तेलाने काही होत नाही, त्यात वेळ घालवू नका. तीळ रंग, आकार किंवा कडा बदलत असेल, एखादी जागा पुन्हा पुन्हा रक्ताळत असेल तर तिला तेल लावून वाट बघत बसू नका, सरळ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नवीन कुठलंही तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठ-दहा दिवस लावून बघा, एका रात्रीचा पॅच टेस्ट पुरत नाही कारण अ‍ॅलर्जी उठायला दिवस लागतात. मग ओलसर चेहऱ्यावर दोन-तीन थेंब, रात्री. दिवसा सनस्क्रीन, कारण ऊन लागलं की फिका होत आलेला डाग परत गडद होतो आणि कुठलंही वनस्पती तेल सनस्क्रीनचं काम करत नाही, तशा कितीही पोस्टी फिरल्या तरी.

आणि फोटो काढा. रोज आरशात बघून काही कळत नाही. माझ्या त्या कडीचा मी दर रविवारी, त्याच खिडकीत, सकाळी त्याच वेळी फोटो काढायचे, वर फक्त सूर्यफुलाचं तेल आणि सनस्क्रीन. सहाव्या आठवड्यापर्यंत काहीच फरक नाही, मी जवळजवळ सोडून दिलं होतं. दहाव्या आठवड्यात कडेचा रंग आतल्या रंगापासून सुटा दिसायला लागला, सोळाव्यात ती कडी फोटो मोठा करून शोधावी लागली. दुसऱ्या गालावरही त्याच सुमारास पडलेला मुरमाचा एक डाग होता, त्याला मी तेल लावलंच नव्हतं, फक्त सनस्क्रीन, आणि तोही त्याच आठवड्यांत तितकाच फिका झाला होता.