युद्धोत्तर पोलिश निर्वासित : सैनिक व त्यांची कुटुंबे

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नेतृत्वाखाली लढून जिंकलेल्या, तरीही पोलंडला परत न गेलेल्या पोलिश सैनिकांचा आणि त्यांच्या बायकामुलांचा हा समाज. तो मुख्यतः ब्रिटनमध्ये स्थिरावला. त्यांना ‘निर्वासित’ म्हणताना एक गोष्ट विसरता कामा नये : हे पराभूत सैन्य नव्हते.

यांच्यापैकी अनेकांची फरफट १९४० सालीच सुरू झाली होती. सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड व्यापल्यावर तिथल्या कुटुंबांना फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे नेले. पोलंडचे निर्वासित सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या जुलै १९४१ च्या करारानंतर सुटका झालेल्यांतून जनरल व्लादिस्लाव आंदेर्स यांनी सैन्य उभे केले. १९४२ मध्ये ते कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले आणि त्यांच्यामागोमाग हजारो नागरिकही आले. पुरुष आघाडीवर गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे इराण, पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको आणि भारत अशी विखुरली.

भारतातली सर्वांत मोठी वसाहत कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती (१९४३–४८). पंचगंगेच्या काठी कौलारू बराकींत सुमारे पाच हजार पोलिश राहत. त्यांत बायका आणि मुलेच जास्त. चर्च, शाळा, स्काउटची पथके असे सगळे गावच तिथे वसले होते. घरचा कर्ता इटलीत लढतोय आणि घर कोल्हापुरात, अशी या कुटुंबांची अवस्था होती. मे १९४४ मध्ये पोलिश सैन्याने इटलीतल्या मोंते कासिनोच्या उद्ध्वस्त मठावर आपला झेंडा फडकवला, तेव्हा तिथे लढणाऱ्यांपैकी कित्येकांची घरची माणसे अशाच दूरच्या छावण्यांत पत्राची वाट पाहत होती.

अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्या फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेने पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेल्यावर शिक्कामोर्तब केले. आंदेर्सच्या बहुतेक सैनिकांची गावे त्याच भागातली होती. पोलंडचा नकाशा उरला, पण त्यांचे घर त्यात उरले नाही. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. पुढच्या वर्षी, ८ जून १९४६ रोजी, लंडनमध्ये मोठे विजय संचलन झाले, आणि त्यात पोलिश सैन्य चालले नाही. त्याच वर्षी वॉर्साच्या साम्यवादी सरकारने आंदेर्स यांचे नागरिकत्व रद्द केले. परतणाऱ्यांपुढे तुरुंगाची भीती होती, आणि ती खोटी नव्हती.

ब्रिटनने १९४६ मध्ये पोलिश पुनर्वसन दल स्थापन केले. सैनिकांना त्यात दोन वर्षांसाठी दाखल करून, इंग्रजी आणि एखादा व्यवसाय शिकवून कामाला लावायचे, अशी योजना होती. एक लाखाहून अधिक जण त्यात आले. १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्याने निवास, शिक्षण आणि मदतीची सोय केली. कामगार संघटनांचा, विशेषतः खाणकामगारांचा, विरोध मात्र सहजी मावळला नाही.

कुटुंबे आली ती लष्कराने रिकाम्या केलेल्या छावण्यांत. पिंप आडवे कापून जमिनीवर उपडे घालावे तशा या पन्हळी पत्र्याच्या निस्सेन बराकी. मधोमध एक शेगडी, कुटुंबाकुटुंबांत आडोसा म्हणून टांगलेली कांबळी. सायबेरिया, इराण, वळिवडे असा प्रवास केलेल्या बाईला कित्येक वर्षांनी नवरा भेटला तो अशा पत्र्याखाली. वळिवड्याहून १९४७–४८ मध्ये निघालेल्यांपैकी काही पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत गेले, तर सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला. त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. तेच आजचे गांधीनगर. १९४८ साली कॅरिबियन प्रवाशांना लंडनला आणणाऱ्या प्रसिद्ध ‘विंडरश’ जहाजावरही मेक्सिकोहून निघालेले ६६ पोलिश होते.

हुद्द्याचा इथे उपयोग नव्हता. नेदरलँड्समधले ब्रेडा शहर मुक्त करणारे जनरल स्तानिस्लाव माचेक एडिंबरामध्ये बारमध्ये पेले भरत, तर आर्न्हेमच्या लढाईतले जनरल सोसाबोव्स्की कारखान्यात कामगार झाले. दोघांनाही ब्रिटनने निवृत्तिवेतन दिले नाही. हा कृतघ्नपणाच होता.

१९५१ च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये पोलंडमध्ये जन्मलेले सुमारे १,६२,००० लोक मोजले गेले. त्यांनी चर्चभोवती शनिवारच्या शाळा भरवून मुलांची भाषा टिकवली. मान्यता नसलेले सरकारही लंडनमध्ये चालूच राहिले. २२ डिसेंबर १९९० रोजी त्याचे शेवटचे राष्ट्राध्यक्ष रिशार्ड काचोरोव्स्की यांनी वॉर्सात जाऊन पोलंडचे नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष लेख वालेन्सा यांच्या हाती राष्ट्राध्यक्षपदाची चिन्हे सोपवली. काचोरोव्स्की स्वतः सोव्हिएत छावणीतून सुटून आंदेर्सच्या सैन्यात आले होते.