मतं जास्त, तरी हार कशी?

2016 साली हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे 28 लाख 70 हजार मतं जास्त पडली, आणि अध्यक्ष झाले ट्रम्प. 2000 साली जॉर्ज बुश यांच्यासमोर अल गोर यांचीही गत तीच. देशभरात पाच लाखांहून जास्त मतांची आघाडी, पण फ्लोरिडात 537 मतं कमी पडली.

अमेरिकेत मतदार खरं तर निर्वाचक निवडतात आणि ते निर्वाचक अध्यक्ष निवडतात. एकूण 538, जिंकायला 270. राज्याला प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, जितक्या जागा, तितके निर्वाचक, वर सिनेटचे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे म्हणून आणखी दोन. हे दोन लहानमोठ्या सगळ्या राज्यांना सारखेच. म्हणून वायोमिंगमध्ये 1 लाख 92 हजार लोकांमागे एक निर्वाचक येतो आणि कॅलिफोर्नियात 7 लाख 32 हजारांमागे एक.

सगळा दोष या वरच्या दोन निर्वाचकांचा, असं मलाही वाटायचं. मग कागद घेऊन वजाबाकी केली. 2000 साली राज्यांच्या निकालांप्रमाणे बुश 271, गोर 267 अशी वाटणी होती. प्रत्येक राज्याचे आणि राजधानी वॉशिंग्टनचेही दोन-दोन वगळले तर बुश 211, गोर 225. म्हणजे गोर जिंकतात! पण हाच हिशेब 2016 ला लावला, की 306 विरुद्ध 232 चे होतात 246 विरुद्ध 190. ट्रम्प तरीही पुढेच.

इथे खरी मेख वेगळी आहे. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात एका मताने जिंका किंवा चाळीस लाखांनी, सगळे निर्वाचक तुमचेच. क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया 42 लाखांहून जास्त मतांनी जिंकलं. त्यातलं पहिलं जास्तीचं मत कामी आलं, बाकीची आघाडी वाया. ट्रम्प यांनी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून जेमतेम 78 हजारांनी जिंकली आणि 46 निर्वाचक खिशात घातले. (लोकसभेत मतांची टक्केवारी आणि जागांचा मेळ का बसत नाही, हे आपल्याला नवं नाही.)

थेट मतांनी अध्यक्ष निवडण्याची घटनादुरुस्ती 1969 मध्ये प्रतिनिधिगृहात 338 विरुद्ध 70 मतांनी मंजूर झाली होती. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये लांबलचक भाषणांच्या डावपेचात ती अडकली. आता काही राज्यांनी आडवाट काढली आहे: आपले निर्वाचक देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्याला द्यायचे, असा आपसातला करार. 2007 मध्ये मेरीलँडने सुरुवात केली; 2024 पर्यंत 17 राज्यं आणि राजधानी मिळून बेरीज 209 वर पोहोचली. 270 भरेपर्यंत मात्र हा करार लागूच होत नाही.