खिळेजुळणी, देवनागरी

धातूचे सुटे खिळे, म्हणजे टाइप, हाताने एकेक उचलून शब्द आणि ओळी जुळवायच्या, त्यांवर शाई फिरवायची आणि कागद दाबून छाप घ्यायची, या मुद्रणपद्धतीतील देवनागरी मजकुराची जुळणी. हे काम करणारा तो जुळारी. छापखान्यात मात्र त्याला सगळे कंपोझिटरच म्हणत. मराठी पुस्तके, वर्तमानपत्रे, पंचांगे आणि लग्नपत्रिका एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १९८० च्या दशकापर्यंत मुख्यतः याच रीतीने छापली गेली.

खिळा शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा असतो. नुसते शिसे दाबाखाली बसते, म्हणून अँटिमनी घालून त्याला कडकपणा आणतात. आधी पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरतात, ते तांब्यात ठोकून साचा करतात आणि त्या साच्यात खिळे ओततात. इंग्रजी-अमेरिकन मापाच्या खिळ्याची उंची ०.९१८ इंच असते. ती केसभर जरी कमीजास्त झाली तरी अक्षर पुसट उमटते नाहीतर कागदाला भोक पाडते.

रोमन लिपीला ही पद्धत सहज मानवली, कारण तिची अक्षरे शेजारी शेजारी उभी राहतात. देवनागरीचे तसे नाही. वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार डोक्यावर चढतात, उकार आणि ऋकार पायाशी लोंबतात, जोडाक्षरे एकमेकांत घुसतात. खिळा तर चौकोनी. मराठी खिळेजुळणीचा बराचसा इतिहास म्हणजे या चौकोनात मात्रा कशी बसवायची याचाच इतिहास आहे.

गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये, पण थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांनी १८०५ मध्ये भगवद्गीता छापवून घेतली, तीही तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून. पत्र्यावर मात्रेचा प्रश्नच येत नाही, कारण हाताने लिहिल्यासारखे कोरता येते. पण त्या पत्र्याचा दुसऱ्या पुस्तकाला काही उपयोग नसतो. त्याच १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. त्यांच्या १८१० च्या मराठी-इंग्रजी कोशासाठी मात्र मोडी खिळे वापरले. पुढे मुंबईच्या छापखान्यांनी बाळबोध, म्हणजे देवनागरी, उचलली आणि मोडी हिशेबाच्या वह्यांत व दप्तरांत राहिली.

मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसने १८१७ मध्ये मराठी छपाई सुरू केली. तिथे थॉमस ग्रॅहॅम यांनी अक्षरांचे नवे साचे घडवले आणि जीवनवल्लभ या मुलाला ती कला शिकवली. त्याच छापखान्यात काम केलेले गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छाप घेणाऱ्या यंत्रावर, पंचांग छापले आणि पुढे स्वतःचे खिळेही तयार केले. शाईत चरबी असते म्हणून छापील पंचांग विटाळाचे, अशी तक्रार होती. तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली असे सांगतात. जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांची सुरुवातही मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर झाली. त्यांनी १८६४ मध्ये टाइपाचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या निर्णयसागरी अक्षरांचे वळण इतके रुजले की मराठी वाचकाला ‘छापील अक्षर’ म्हटले की तेच डोळ्यांपुढे येई. १८८६ पासून निघालेल्या ‘काव्यमाला’ या संस्कृत ग्रंथमालेमुळे ते देशभर पोहोचले.

मात्रा बसवण्याच्या दोन मुख्य रीती झाल्या. अखंड टाइपात अक्षर पूर्ण उंचीच्या खिळ्यावर असते; वर-खालची चिन्हे लागलेली रूपे वेगळी ओततात, किंवा चिन्हाचे टोक खिळ्याच्या अंगाबाहेर काढून शेजारच्या खिळ्यावर टेकवतात. दिसायला देखणे, पण बाहेर आलेले टोक छापताना मोडते. मुंबईत वाढलेल्या डिग्री टाइपात एका ओळीच्या तीन ओळी होतात. मधल्या थरात आखूड अंगाचे मूळ अक्षर, वरच्या थरात मात्रा-वेलांट्यांचे बारीक तुकडे, खालच्या थरात उकार. जिथे चिन्ह नाही तिथेही पोकळी ठेवून चालत नाही, कोरा तुकडा भरावा लागतो. ‘गुरुकृपा’ हा साधा शब्द घेतला तरी ‘गु’ आणि ‘कृ’ यांच्या खाली वेगळे तुकडे येतात आणि वरचा थर सबंध कोऱ्या तुकड्यांनी भरतो. ‘मूर्ती’मध्ये रफार शेवटच्या कान्यावर जातो, म्हणून रफारासह दीर्घ वेलांटी हा स्वतंत्र खिळाच ठेवत, आणि अनुस्वारासह असणारा आणखी एक.

यामुळे खिळ्यांचे प्रकार चारशेच्या वर जात. इंग्रजी जुळाऱ्याचे दोन केसांत भागे, मराठी जुळाऱ्याभोवती चार केस मांडलेले असत. केस म्हणजे खणांची उथळ लाकडी पेटी. कोणत्या खणात काय हे कुठे लिहिलेले नसे, ते हाताला पाठ असे. त्यात मराठीच्या खास मागण्या: ळ हवा, ‘सुऱ्या’तला अर्धा र हवा, ल आणि श मराठी वळणाचे हवेत. उत्तरेकडचा टाइप आणून मराठी पुस्तक काढले की ते लगेच परके दिसे.

डाव्या हातात कंपोझिंग स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची छोटी पट्टी, उजव्या हाताने खिळा उचलायचा. खिळे डावीकडून उजवीकडे लावतात, पण डोके खाली करून. त्यामुळे जुळाऱ्याला शिरोरेषा जमिनीसारखी तळाशी दिसते आणि अक्षरे तिच्यावर उलटी उभी असतात. अशा स्थितीत घ आणि ध, भ आणि म वेगळे ओळखणे हे डोळ्यांपेक्षा सवयीचे काम. ओळी भरल्या की त्या गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, उतरवून सुतळीने आवळतात आणि प्रूफ काढतात. मुद्रितशोधकाने एक शब्द वाढवला तर परिच्छेद संपेपर्यंतच्या ओळी चिमट्याने फोडून पुन्हा बसवाव्या लागत. लेखकांना याची कल्पना क्वचितच असे. शेवटी पाने चौकटीत कसून फर्मा तयार होई आणि मोठ्या सिलिंडर यंत्रावर, नाहीतर पायाने चालणाऱ्या ट्रेडलवर चढे. छापून झाले की खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणात. चुकून घ च्या खणात पडलेला ध पुढच्या पुस्तकात बरोबर उगवतो. अशा चुकांचे खापर फोडायला मराठीने एका संस्कृत नाटकाचे नावच उचलले: मुद्राराक्षस.

खिळे कमी करण्याचे प्रयत्न सतत झाले. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी संख्या १९० च्या आसपास आणण्याची योजना केली. सावरकरांनी इ, ई, उ, ऊ ऐवजी अि, अी, अु, अू लिहिण्याचा आग्रह धरला. स्वरांचे वेगळे खिळे त्यामुळे वाचणार होते. हरि गोविल यांनी १९३० च्या दशकात लायनोटाइपवर, म्हणजे ओळच्या ओळ ओतणाऱ्या यंत्रावर, देवनागरी बसवली, पण त्या यंत्राच्या एका मॅगझिनमध्ये, म्हणजे अक्षरांचे साचे ठेवायच्या पेटीत, खाचा ९० च, त्यामुळे जोडाक्षरांची मोडतोड अटळ होती. या साऱ्या खटाटोपात दोष यंत्राचा असताना लिपीला सुधारायला निघाल्याचे आज जाणवते. तरी रोज पहाटेच्या आत अंक काढणाऱ्याची निकड त्यामागे होती, हे विसरून चालणार नाही. या वादांचा आणि टाइपांचा सर्वात कसून अभ्यास बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देवनागरी मुद्राक्षरांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात केला.

ऑफसेट छपाई आणि नंतर डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आल्यावर काही वर्षांतच केस रिकामे झाले. धातू भंगारात किलोवर गेला. लाकडी केस कुठे कुठे शोभेला भिंतीवर लागले. ट्रेडल यंत्रे मात्र अजून चालताना दिसतात. पुठ्ठ्याला घडी पाडणे, पावतीपुस्तकाला छिद्रांची रेघ मारणे, बिलांवर क्रमांक टाकणे ही कामे त्यांच्याकडे राहिली आहेत. अक्षर त्यातल्या बऱ्याच यंत्रांवरून गेले आहे, आकडे तेवढे उमटतात, लाल शाईत.