वडिलांच्या नावची जुनी लष्करी रायफल : नागपुरात वारसा परवाना आणि मग दुरुस्ती

जुन्या मालगुजारांच्या वाड्यात कपाटामागून अजूनही एखादी रायफल निघते. मूळची फौजेतली, पण कधीतरी कुणीतरी पुढचं लाकूड कापून शिकारीसाठी हलकी केलेली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, रायफल राहिली. आता मुलाला वाटतं, हिला पुन्हा मूळ रूप द्यावं. हौस चांगली आहे, पण पेचकस सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा.

‘मोडकीच तर आहे, परवाना कशाला?’ हा समज फार पसरलेला आहे. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५मध्ये निकामी शस्त्राला सूट आहे खरी, पण दुरुस्त करूनही जे चालणार नाही त्यालाच. तुम्ही तर दुरुस्त करायलाच बसलात. म्हणजे सूट तुमच्यासाठी नाही.

परवानाधारक वडील वारले असतील तर रायफल विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. पावती जपून ठेवा, पुढच्या फाईलचा पाया तीच. वडील हयात असून त्यांनी सत्तरी ओलांडली असेल किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं असेल, तरीही वारसाच्या नावे परवाना मागता येतो. घरात कसलाच कागद नसेल तर मात्र रायफल हलवण्याआधी वकील गाठा.

यानंतर बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, बघायचा. इथे बरेच जण अडकतात. थ्री नॉट थ्री किंवा ७.६२ची बोल्ट ॲक्शन रायफल (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागतो ती), म्हणजे फौजेचं काडतूस चालवणारी, सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित गटात येते. तिचा अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे, नागपुरातलं कार्यालय एकट्याने ठरवू शकत नाही. आता गंमत बघा. इशापूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल त्याच ली-एनफिल्डच्या, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या जुन्या थ्री नॉट थ्रीच्या, धाटणीची असते आणि लांबून थ्री नॉट थ्रीसारखीच दिसते, पण ती सर्वसाधारण परवान्यात बसते. त्यामुळे ‘बाबा थ्री नॉट थ्री म्हणायचे’ यावर विसंबू नका. नळीवरचा शिक्का आणि जुन्या परवान्यातली नोंद वाचा.

अर्ज कुठे? नागपूर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे. काटोल, रामटेक, उमरेडकडचे असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. पत्त्यावरून ठरवू नका, तुमचं पोलीस ठाणं कुणाच्या अखत्यारीत आहे ते विचारा. कामठी शहर वाटत नसलं तरी आयुक्तालयात मोडतं.

वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर ती भोगून झाल्यावरही पाच वर्षं परवाना मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीपासून एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात आणि वारशाने आलेलंही त्यातच मोजलं जातं.

अर्जाचा नमुना ए-१. सोबत फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, शारीरिक-मानसिक प्रकृतीचं वैद्यकीय प्रमाणपत्र (त्यात व्यसनाबद्दल स्पष्ट उल्लेख लागतो), शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. वारशासाठी वडिलांचा मृत्यू दाखला, मूळ परवाना, जमा पावती आणि बाकी वारसांची ना-हरकत. खरा वेळ या ना-हरकतीतच जातो. शेतीच्या वाटणीवरून बोलणं बंद असलेली बहीण रायफलीसाठी सही का करेल? ते आधी मिटवा, मग खिडकीवर जा.

नियमांनुसार पोलीस अहवाल ३० दिवसांत आणि तो आल्यावर निर्णय ६० दिवसांत व्हायला हवा. नाकारलं तर लेखी कारणं मागा, अपिलाची सोय कलम १८मध्ये आहे. परवाना पाच वर्षांचा मिळतो.

आता दुरुस्ती. कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि रूपांतर हा परवान्याचा धंदा आहे. गल्लीतल्या लेथवाल्याकडे नळी नेली तर तोही अडकेल आणि तुम्हीही. नळी, बोल्ट, चेंबरचं (जिथे काडतूस बसतं त्या भागाचं) काम परवानाधारक कारागिराकडेच द्या. नेताना परवाना सोबत ठेवा आणि केलेल्या कामाचं बिल घ्या. नळी आखूड करण्यावर तर कलम ६मध्ये वेगळं बंधन आहे, त्यासाठीचा परवाना असल्याशिवाय ती कापता येत नाही. स्वतःच्या हाताने करायचं ते पुसणं, तेल देणं एवढंच. दस्त्याच्या लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल छान मुरतं आणि जवस आपल्याकडे कमी नाही. कापलेल्या लाकडाच्या जागी नवं बसवायचं असेल तर तेही कारागिराला विचारूनच.

एक चूक मात्र हमखास होते. गंज काढायला लोक पॉलिश पेपर घेऊन बसतात आणि घासता घासता नंबर पुसट करून टाकतात. शस्त्रावरचा नंबर किंवा खूण पुसणं कलम ८खाली गुन्हा आहे, तिथे ‘गंज काढत होतो’ सांगून भागत नाही. नंबराच्या भागाला तेलाचा बोळा लावून रात्रभर ठेवा, सकाळी सुती कापडाने पुसा, पेपर लावूच नका.