दातांच्या मुळांची कीड: खोली मोजायची की मऊपणा?

मध्ययुगीन युरोपातल्या सांगाड्यांत कीड बहुतेक हिरडीच्या कडेला, मुळालगत सापडते. पुढे साखर स्वस्त झाली आणि कीड दाढांच्या खाचांत शिरली. विसाव्या शतकात बराच काळ दंतवैद्यकाचं लक्ष शाळकरी मुलांवरच राहिलं. वयस्कांचे दात काढून कवळी बसवायची, तिथे मुळं कोण तपासणार? दात उतारवयापर्यंत टिकू लागले तेव्हा सरकलेल्या हिरड्यांखालची उघडी मुळं नजरेत आली.

1980 मध्ये या किडीसाठी वेगळा निर्देशांक मांडला गेला. किडलेली आणि भरलेली मुळं मोजायची, पण भागायचं फक्त उघड्या पडलेल्या पृष्ठभागांनी. फैलाव कळला, गांभीर्य नाही. म्हणून 1986 मध्ये चार पायऱ्या आल्या: सुरुवातीची (खड्डा नसलेली), अर्ध्या मिलिमीटरपेक्षा उथळ, त्याहून खोल, आणि नसेपर्यंत पोचलेली.

वाद आहे तो या अर्ध्या मिलिमीटरचा. कीड नोंदवण्याच्या, 2005 च्या सुमारास आलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनेही तीच रेघ ठेवली. सोय उघड आहे: गोल टोकाच्या प्रोबचा (दात तपासायच्या सळईचा) मणी अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे खोलीचा अंदाज तोंडातच घेता येतो. पण खोली सांगते ती आजवरची झीज. चकचकीत, टणक खड्डा कधीचाच थांबलेला असू शकतो. हिरडीला चिकटून असलेला पिवळट, मऊ, उथळ डाग मात्र झपाट्याने वाढतो. मुळावर इनॅमल, म्हणजे दाताचं टणक बाहेरचं आवरण, नसतं. इनॅमल सुमारे 5.5 पीएचला विरघळू लागतं, मूळ 6 च्या वरच, म्हणजे त्याहून सौम्य आम्लातही. म्हणून कीड चालू आहे की थांबली, हा प्रश्न खोलीच्या आधी विचारायला हवा.

रंगावरून तो सुटत नाही, सोलापुरात तर नाहीच. विडी वळणाऱ्या वस्त्यांत मिशेरी लावणाऱ्या कितीतरी बायका आहेत. मिशेरीने दात-मुळं काळी पडतात, तंबाखूने हिरडी सरकते. काळं दिसलं म्हणजे जुनं, थांबलेलं, असं धरून पुढे जाणं म्हणजे त्या बाईचा दात घालवणं. तिथे आधी कीट साफ करावं, हवेने मूळ कोरडं करावं आणि मणी हलक्या हाताने फिरवावा. टणक मुळावर तो घसरतो, चालू कीड त्याखाली मऊ किंवा चामड्यासारखी लागते. टोकदार प्रोब दाबू नये. वाचू शकणारा पृष्ठभाग त्याने फुटतो.

गेल्या पंचवीसेक वर्षांत उपचारांनीच हा मुद्दा पुढे आणला. 5000 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट आणि 38 टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड मऊ मूळ पुन्हा टणक करू शकतात. दुसऱ्या औषधाने डाग उलट आणखी काळा होतो, खड्डा होता तेवढाच राहतो. नोंदीत खोलीचाच रकाना असेल, तर बरी झालेली बाई पुढच्या तपासणीतही आधीच्याच तिसऱ्या पायरीवर दिसते.