पाणलोट क्षेत्राचे जलवैज्ञानिक मॉडेल : संगणकावर बसवणे व पडताळणे

पडलेल्या पावसापैकी किती पाणी जमिनीत मुरेल, किती ओढ्याला येईल आणि पूर कधी व केवढा असेल याचा हिशेब करणारे सॉफ्टवेअर घरच्या किंवा कार्यालयातल्या संगणकावर चालू करणे आणि ते हिशेब बरोबर करते याची खात्री करून घेणे, असा या कामाचा अर्थ आहे. पाणलोट क्षेत्र म्हणजे ज्या भूभागावरचे पाणी वाहत येऊन एकाच ठिकाणी बाहेर पडते तो भूभाग. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची अशा सुमारे दीड हजार क्षेत्रांत विभागणी केली आहे, त्यामुळे हा शब्द गावपातळीवरही ओळखीचा आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः एचईसी-एचएमएस या विनामूल्य सॉफ्टवेअरचा विचार केला असून, स्वॅट या दुसऱ्या प्रचलित मॉडेलचा उल्लेख गरजेपुरता आहे.

अंकीय संगणकावर संपूर्ण पाणलोटाचा हिशेब मांडण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत १९६६ सालचे क्रॉफर्ड आणि लिन्स्ली यांचे स्टॅनफर्ड मॉडेल महत्त्वाचे मानतात. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे जलवैज्ञानिक अभियांत्रिकी केंद्र (इंग्रजी आद्याक्षरांत एचईसी) स्थापन केले. केंद्राचा एचईसी-१ हा प्रोग्रॅम १९६८ मध्ये आला. तो मोठ्या संगणकांसाठी होता आणि त्याला माहिती भोके पाडलेल्या पंचकार्डांवरून द्यावी लागे. १९८४ च्या अखेरीस त्याची वैयक्तिक संगणकावर चालणारी आवृत्ती तयार झाली आणि १९९८ मध्ये त्याची जागा खिडक्या-मेन्यूंच्या एचईसी-एचएमएसने घेतली. नवा प्रोग्रॅम हाताळायला सोपा झाला, पण एक तोटाही झाला. कार्डे रचताना प्रत्येक आकडा हाताखालून जात असे. आता रिकामा ठेवलेला चौकोन सॉफ्टवेअर स्वतःच्या गृहीतकाने भरते आणि वापरणाऱ्याला ते कळतही नाही.

सॉफ्टवेअर बसवण्याच्या भागाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. केंद्राच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवायची आणि चालवायची. परवाना विकत घ्यावा लागत नाही आणि लागणारे जावाही सोबतच येते. प्रकल्पाचा फोल्डर मात्र छोट्या, साध्या रोमन नावाचा आणि थेट ड्राइव्हवर असलेला बरा. डेस्कटॉपवर, क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये किंवा देवनागरी नावाखाली ठेवलेला प्रकल्प कधी अडेल याचा नेम नसतो. प्रकल्पातल्या बहुतेक फाइली साध्या मजकुराच्या असतात आणि नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात. पाणलोटाची एक, पावसाची एक, कालावधीची एक, असा त्यांचा संसार असतो. पाऊस आणि विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी) यांच्या कालमालिका मात्र डीएसएस या केंद्राच्या स्वतःच्या साठवण पद्धतीत जातात. तिथे प्रत्येक मालिकेला नदी, ठिकाण, राशी (काय मोजले ते), तारीख, कालांतर आणि आवृत्ती असा सहा भागांचा पत्ता असतो. पत्त्यातला एक भाग चुकला तर मालिका फाइलीत असूनही मॉडेलला सापडत नाही.

खिडकी उघडली, नकाशा दिसला, म्हणजे सॉफ्टवेअर तयार झाले असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्या क्षणी एवढेच सिद्ध झालेले असते की प्रोग्रॅम सुरू होतो. खरी चाचणी म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले गणित त्याला घालणे.

असे तयार गणित सॉफ्टवेअरसोबतच मिळते. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॅस्ट्रो व्हॅलीचा नमुना प्रकल्प त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. क्षेत्र ५.५१ चौरस मैल, म्हणजे सुमारे १४.३ चौरस किलोमीटर, उपक्षेत्रे चार, पाऊस १६ जानेवारी १९७३ चा आणि हिशेब दर पाच मिनिटांचा. पाणी मुरण्यासाठी सुरुवातीची तूट व नंतरचा स्थिर दर, पूर तयार होण्यासाठी स्नायडरचा एकक जलालेख (ठरावीक पाण्याचा पूर वेळेनुसार कसा चढतो-उतरतो ते दाखवणारा आलेख) आणि मूळ प्रवाहासाठी, म्हणजे पावसाशिवायही ओढ्यात असणाऱ्या पाण्यासाठी, प्रवाह हळूहळू ओसरतो असे धरणारी पद्धत वापरली आहे. नमुना चालवून बाहेर पडण्याच्या जागेचा कमाल विसर्ग व त्याची वेळ सोबतच्या मार्गदर्शिकेतल्या आकड्यांशी ताडून पाहायची. त्यानंतर याच प्रकल्पात शहरीकरणाचा प्रयोग करता येतो. दुसऱ्या उपक्षेत्रातली पाणी न मुरणारी जमीन ८ टक्क्यांवरून १७ टक्के करायची, स्नायडरचा विलंबकाल (पाऊस आणि पुराचे टोक यांतले अंतर) ०.२८ तासावरून ०.१९ तासावर आणायचा आणि पूर वाढतो का ते पाहायचे. आकडे जुळले की सॉफ्टवेअर नीट बसले असे म्हणायला हरकत नाही. एकके इंच, चौरस मैल आणि क्युसेक असल्यामुळे आपल्याकडच्या वापरणाऱ्याने इथे थोडे थांबावे : एक क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक (सेकंदाला एक घनफूट).

नमुना प्रकल्प जुळला तरी वापरणाऱ्याला मॉडेल कळले असे होत नाही, म्हणून हाताने सोडवता येईल असे एक गणित स्वतः रचावे. १० चौरस किलोमीटरचे एकच उपक्षेत्र घ्यावे, १०० मिलिमीटर पाऊस द्यावा आणि पाणी मुरण्याची पद्धत आधी बंद ठेवावी. बाहेर पडणारे पाणी १० लाख घनमीटर, म्हणजे पाटबंधारे खात्याच्या भाषेत नेमके एक दलघमी आले पाहिजे. कमी आले तर प्रोग्रॅमवर संशय घेण्याआधी हिशेबाची शेवटची वेळ तपासावी. पूर ओसरण्याआधीच कालावधी संपला असेल तर उरलेले पाणी अजून वाटेतच असते. नवख्यांच्या ‘मॉडेल पाणी खाते’ या तक्रारीचे मूळ बहुधा एवढेच निघते.

मग कर्व नंबर, म्हणजे माती व जमिनीच्या वापरावरून ठरणारा आणि किती पाणी वाहून जाईल ते सांगणारा आकडा, ८० घालावा. जमिनीची साठवणक्षमता २५,४०० भागिले ८० वजा २५४, म्हणजे ६३.५ मिलिमीटर. सुरुवातीची तूट तिच्या ०.२ पट, म्हणजे १२.७. उरलेल्या ८७.३ चा वर्ग भागिले १५०.८ (८७.३ अधिक ६३.५) केले की अपधाव, म्हणजे वाहून जाणारे पाणी, ५०.५ मिलिमीटर येतो, म्हणजे सुमारे ०.५०५ दलघमी. सुरुवातीच्या तुटीचा चौकोन रिकामा ठेवला तर एचईसी-एचएमएस हेच ०.२ धरते. आपल्याकडे इथे एक पेच आहे. भारतीय परिस्थितीसाठी, जमीन आधीच ओली असेल तर काळ्या मातीला ०.१ आणि इतर मातींना ०.३ असे गुणक सुचवलेले आहेत. त्याच पावसाला ०.१ धरले तर अपधाव ५५.८ मिलिमीटर येतो आणि ०.३ धरले तर ४५.४. शंभर मिलिमीटर पावसावर दहा मिलिमीटरचा हा फरक एका रिकाम्या चौकोनातून येतो. मराठवाड्यातल्या काळ्या रानासाठी मॉडेल करताना तो चौकोन आपल्या हाताने भरलेलाच चांगला.

याच छोट्या प्रकल्पात आणखी दोन गोष्टी पाहून घेता येतात. एकक जलालेखाचे तत्त्व रेषीय आहे. म्हणून न मुरलेले पाणी दुप्पट झाले की कमाल विसर्गही नेमका दुप्पट व्हायला हवा आणि त्याची वेळ हलता कामा नये. दुसरी गोष्ट कालांतराची. एससीएस (अमेरिकी मृदसंधारण सेवा) पद्धतीच्या एकक जलालेखासाठी हिशेबाचे पाऊल विलंबकालाच्या २९ टक्क्यांहून लहान असावे लागते. विलंबकाल ६० मिनिटे असेल तर पंधरा मिनिटांचे पाऊल चालते, तीस मिनिटांचे चालत नाही. पुराचे टोक दोन पावलांच्या मधे हरवते. सॉफ्टवेअर अशा वेळी सूचना देते. खालच्या पट्टीतल्या या सूचना कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

पुढची अडचण आकड्यांच्या मुळाशी असते. भारतीय हवामान विभागाचा दैनिक पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आधीच्या चोवीस तासांचा असतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत झालेल्या पावसाचा सांताक्रूझचा सुप्रसिद्ध ९४४ मिलिमीटरचा आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतचा आहे, आणि त्यातला मोठा भाग २६ च्या दुपारी-संध्याकाळी पडला. हा आकडा २७ तारखेसमोर लिहून मॉडेलला मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिला, तर मिठी नदीचा पूर मुंबई बुडाल्यानंतर येतो. याच दिवसाने आणखी एक धडा दिला. कुलाब्याला त्या चोवीस तासांत जेमतेम ७४ मिलिमीटर पाऊस होता. कोणते पर्जन्यमापक केंद्र कोणत्या उपक्षेत्राला जोडले आहे हे न तपासता चालवलेले मॉडेल कितीही नीट बसवलेले असले तरी उपयोगाचे नाही.

नकाशाच्या बाजूनेही अशीच ठेच लागते. भूपृष्ठाच्या उंचीची माहिती, मग ती अवकाशयानाच्या रडारने मोजलेल्या, तीस मीटरच्या एसआरटीएमची असो वा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरच्या कार्टोडेमची, अक्षांश-रेखांशाच्या अंशांत मिळते आणि क्षेत्रफळ काढण्याआधी मीटरमध्ये बदलून घ्यावी लागते. यूटीएम या, पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून मीटरमध्ये नकाशा मांडणाऱ्या पद्धतीत ७८ अंश पूर्व रेखांशावर पट्टा बदलतो : पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर ४३ व्या पट्ट्यात येतात, नागपूर आणि चंद्रपूर ४४ व्यात. संगणकाने काढलेले क्षेत्रफळ टोपोशीटवरून काढलेल्या क्षेत्रफळाशी ताडले तर अंश-मीटरची चूक लगेच पकडली जाते. या तपासणीला पाच मिनिटे पुरतात.

स्वॅटची गोष्ट थोडी निराळी आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या टेक्सासमधील टेंपल येथील प्रयोगशाळेत जेफ अर्नोल्ड यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात तयार झालेले हे मॉडेल एका पुराचा नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या पाण्याचा, गाळाचा आणि खतांच्या अंशांचा हिशेब करते. त्याचा गाभा फोर्ट्रानमध्ये लिहिलेला असून नकाशांचे काम आर्कजीआयएस किंवा क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरच्या जोडणीतून होते. बहुतेकांची दमछाक या जोडणीतच होते, कारण तिला क्यूजीआयएसची ठरावीक आवृत्तीच लागते. नवीनतम आवृत्ती हौसेने बसवली की मेन्यू दिसेनासा होतो. गाभ्याची चाचणी मात्र नकाशांशिवाय करता येते. तयार केलेल्या मजकूर-फाइलींच्या फोल्डरमध्ये तो थेट चालवायचा आणि त्याच फाइलींवर दुसऱ्या संगणकाने दिलेल्या निकालाशी तुलना करायची. शेवटच्या एकदोन दशांश स्थानांत फरक दिसला तर तो वेगळ्या कंपायलरचा (प्रोग्रॅम यंत्रभाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचा) असू शकतो. वार्षिक बेरजा बदलल्या तर काहीतरी चुकले आहे. मातीतला ओलावा सुरुवातीला अंदाजाने धरलेला असतो, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे तुलनेतून वगळतात.

इथवरच्या तपासण्यांना पडताळणी म्हणतात. कॅलिब्रेशन हे त्यापुढचे काम : मोजलेल्या विसर्गाशी जुळेपर्यंत मॉडेलचे गुणांक बदलणे आणि मग बाजूला ठेवलेल्या दुसऱ्या वर्षांवर त्याची परीक्षा घेणे. त्यासाठी नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० मध्ये सुचवलेला निर्देशांक वापरतात. तो १ असेल तर जुळणी तंतोतंत, ० असेल तर नुसती सरासरी सांगण्याइतकीच आणि ऋण असेल तर त्याहूनही वाईट. शोधनिबंधांत हा आकडा ठळकपणे दिला जातो. बसवलेले सॉफ्टवेअर आधी ज्ञात उत्तरावर तपासले होते का, हे क्वचितच. पडताळणी न करता केलेल्या कॅलिब्रेशनमध्ये साडेआठची चूक किंवा नकाशाच्या पट्ट्याची चूक गुणांकांच्या आड लपून जाते आणि निर्देशांक तरीही बरा दिसू शकतो.

आवृत्ती बदलताना हे सगळे पुन्हा करावे लागते. एचईसी-एचएमएसच्या नव्या आवृत्तीत जुना प्रकल्प उघडला की त्याच्या फाइली नव्या रचनेत बदलल्या जातात आणि मग जुन्या आवृत्तीत उघडत नाहीत. म्हणून प्रकल्पाची प्रत आधी बाजूला काढतात, दोन्ही आवृत्त्या काही दिवस शेजारी-शेजारी ठेवतात आणि एक दलघमीचे ते छोटे गणित दोन्हींत चालवून पाहतात.